नोकॅश रिव्ह्यू: बॅकअप चालू असताना पेज कॅश खरंच वाचते का?

रात्री बॅकअप आणि सकाळी ऑफिस उघडल्यावर सगळ्या क्वेरीज रडतखडत, ही तक्रार ज्यांची आहे त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू. टूलचं नाव नोकॅश, बॅकअपने वाचलेल्या फायलींनी रॅम भरून जाऊ नये म्हणून वापरायचं, फुकट आहे, डेबियन-उबुंटूवर अ‍ॅप्टने एका ओळीत येतं आणि शिकायला काही नाही, टार, सीपी, आरसिंक अशी फायली कॉपी करणारी जी काय कमांड असेल तिच्या आधी नोकॅश लिहायचं, झालं.

लिनक्स रॅम रिकामी ठेवत नाही, वाचलेल्या फायलींची पानं (म्हणजे छोटे तुकडे) तिच्यात भरून ठेवतो, हीच पेज कॅश, आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस यावर चांगलाच विसंबून असतो. त्याची स्वतःची कॅश, म्हणजे शेअर्ड बफर्स, डिफॉल्टला 128 एमबी, ट्यून करणारे साधारण पाव रॅम देतात आणि बाकीचं ओएस बघून घेईल म्हणतात. बॅकअप मात्र अख्खा डेटा एकदाच वाचतो, परत हातही लावणार नाही, तरी त्याच्यासाठी रोजची पानं बाहेर. म्हणजे एका जेवणापुरत्या आलेल्या वऱ्हाडासाठी आजोबांची खाट अंगणात. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, तसा अगदी भोळा नाहीये, एकदाच वाचलेली पानं तो आधी हाकलतो, पण रॅमच्या कितीतरी पट डेटा वाहून गेला की फटका बसतोच. कमांडला रांगेत मागे ढकलणारे नाइस, आयोनाइस लावून यात काही फरक पडत नाही, ते सीपीयू आणि डिस्कच्या रांगेपुरते. आणि बॅकअप संपल्यावर क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणारा) ड्रॉप कॅशेसला 3 लिहून सगळी कॅश रिकामी करणारे महाभाग पण आहेत, त्यांनी तर जे शिल्लक होतं तेही घालवलं.

नोकॅशची युक्ती साधी आहे. एलडी प्रीलोडने, म्हणजे प्रोग्रॅम सुरू होताना आपली लायब्ररी आधी लादून, ते प्रोग्रॅमच्या ओपन आणि क्लोज कॉल्समध्ये घुसतं, फाइल उघडताना तिची कुठली पानं आधीपासून मेमरीत आहेत ते मिनकोर या कर्नलच्या कॉलने बघून ठेवतं, आणि बंद करताना फक्त नवीन आलेली पानं कर्नलला एफअ‍ॅडव्हाइज डोंटनीड, म्हणजे आता नकोत, असं सांगून सोडून देतं. आधीची गरम पानं जागेवर, हेच मला सगळ्यात आवडलं. सोबत कॅशस्टॅट्स नावाची कमांड येते, फाइलची किती पानं कॅशमध्ये आहेत ते सांगते, बॅकअपच्या आधी आणि नंतर एखाद्या मोठ्या टेबलाच्या फायलीवर चालवून बघा, मग कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवायची गरज नाही.

आता खटकणाऱ्या गोष्टी. पानं सोडली जातात ती फाइल बंद होताना, त्यामुळे एकच अजस्र फाइल असेल तर ती संपेपर्यंत कॅश भरत राहते. पोस्टग्रेसवाले इथे नशीबवान, टेबलाच्या फायली डिफॉल्टला 1 जीबीच्या तुकड्यांत असतात, म्हणून स्नॅपशॉटवरून (डिस्कची त्या क्षणाची गोठवलेली प्रत) किंवा बंद केलेल्या स्टँडबायवरून (डेटाबेसची जोडीची प्रत) टार करताना नोकॅश मस्त जमतं. गो वगैरे भाषांमधले स्टॅटिक बायनरी (लायब्ररी आतच बांधलेली) असलेले बॅकअप प्रोग्रॅम मात्र प्रीलोडला दादच देत नाहीत, नोकॅश लावा नाहीतर नका लावू.

दुसरी गोम जास्त चोरटी आहे. 2019 च्या 5.2 कर्नलपासून मिनकोर खरं उत्तर फक्त फाइलचा मालक असाल किंवा तुम्हाला लिहायची परवानगी असेल तरच देतो, नाहीतर सगळी पानं मेमरीत आहेत असं बिनधास्त सांगतो. मग फक्त वाचायची परवानगी असलेल्या बॅकअप युजरने चालवलं की नोकॅशला वाटतं सगळं आधीचंच आहे, आणि ते काहीच सोडत नाही. एरर नाही, वॉर्निंग नाही.

आणि पोस्टग्रेसचा डेटा काढून देणाऱ्या पीजीडंपच्या आधी नोकॅश लिहून खुश होणाऱ्यांनो, जरा थांबा. टेबलाच्या फायली पीजीडंप उघडतच नाही, उघडतो तो सर्व्हरचा बॅकएंड प्रोसेस, त्याच्यावर तुमच्या प्रीलोडची काय सत्ता? मोठ्या टेबलाच्या सिक्वेन्शियल स्कॅनला (टेबल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणं) पोस्टग्रेस स्वतःच बफर्सची एक छोटी रिंग फिरवून वापरतं म्हणून शेअर्ड बफर्स धुतले जात नाहीत, पण खालची ओएसची कॅश भरायची ती भरतेच. अख्ख्या डेटाबेसच्या फायलींची प्रत घेणाऱ्या बेसबॅकअपलाही वाचणारा सर्व्हरच. त्यामुळे टूल निवडायच्या आधी एकच विचारा, फाइल कोण उघडतंय? डंप दुसऱ्या मशीनवरच्या स्टँडबायवरून घेता येत असेल तर हा सगळा खटाटोपच नको.

मायएसक्यूएलचं इनोडीबी ओ डायरेक्टवर (ओएसची कॅश टाळून) चालवणाऱ्यांना याची फारशी गरज नाही, त्यांचा डेटा आपल्या बफर पूलमध्ये असतो, पेज कॅश धुतली गेली तरी त्यांचं विशेष बिघडत नाही. मायएसक्यूएलचंच जुनं मायआयएसएएम अजून कुणी सांभाळत असेल तर त्याला हवंच, त्याच्या डेटा फायलींना ओएसच्या कॅशशिवाय वालीच नाही.

पाचपैकी साडेतीन स्टार. आज नवीन सेटअप लावायचा तर मी आधी सिस्टिमडी-रन स्कोपमध्ये मेमरीहाय लावून, म्हणजे मेमरीची मर्यादा घालून, बॅकअप चालवेन, कारण पेज कॅश ज्या सीग्रुपने (प्रोसेसचा गट) पहिल्यांदा ओढली तिच्याच खात्यावर पडते, मग स्टॅटिक बायनरी असो की एकच मोठी फाइल, जागा सापडते ती स्वतःच्याच हद्दीत. डंपची आउटपुट फाइल लोकल डिस्कवर पडत असेल तर ती डीडीमधून ओफ्लॅग डायरेक्टने, म्हणजे कॅश टाळून, लिहा, फक्त पाइपमधून येत असेल तर आयफ्लॅग फुलब्लॉक विसरू नका, नाहीतर अर्धवट ब्लॉक यायला लागतात.