जुनी सिरॅमिक ग्रिल घेताय? घाण चालेल, तडा नको

विजापूर रोडला एक हॉटेल बंद पडलं त्यांच्याकडनं ही कोळशावरची सिरॅमिक ग्रिल घेतली, अंड्यासारखी जाडजूड, कामाडो म्हणतात बघा तसली. नव्याची किंमत ऐकली की डोळे पांढरे होतात म्हणून जुनी. झाकण उघडलं तर आत हिरवी-पांढरी बुरशी, जाळीवर खवट चरबीचा थर आणि तळाला ओल्या राखेचा चिखल. पावसात ठेवलेली, तीपण हवेची सगळी तोंडं बंद करून, बुरशी येणारच की. बायको म्हणली ह्यातलं मी खाणार नाय.

तर सांगायचं म्हणजे असली ग्रिल पाण्यानं धुवायचीच नाय, आगीनं धुवायची. भाजलेली माती आहे, साबण आत मुरतो आणि मग मटणाला तोच वास, माठ कधी साबणानं धुतो का आपण? राख खरडून काढली, आतला फायरबॉक्स (कोळसा ठेवायची कुंडी) उचलून त्याच्या मागची पण, तिथं कुणी बघत नाय आणि हवेची भोकं बुजली की ताप धरत नाय. जुना कोळसा फेकून वखारीतला नवा भरला, पेटवायला रॉकेल वगैरे अजिबात नाय (तेपण मुरतं), खालचं-वरचं तोंड सताड उघडं ठेवलं आणि काटा ३०० डिग्रीच्या वर जाऊ दिला. पहिला धूर असा घाण की शेजारचे काका कंपाउंडवरनं, "काय जाळायलास बे?" पण तासाभरात धूर पातळ झाला, वास गेला, चरबीची राख झाली. गार झाल्यावर सुक्या ब्रशनं झाडली, बास.

आतला काळा थर राहतो, राहू द्या, चकाचक करायचा नाद करू नका. झाकणाला आतनं पापुद्रे सुटतात तो रंग नसतो, धुराचा कार्बन असतो, फॉइलचा बोळा करून घासला की पडतो. आणि तापलेली असताना झाकण फाडकन उघडू नका, हवा आत गेली की भडका सरळ तोंडावर, आधी बोटभर उचलून थांबायचं.

झाकणाच्या कडेची फेल्टची पट्टी ह्या तापात जळाली, ते होतंच, नवी ऑनलाइन मागवली. वरच्या तोंडावरच्या बिडाच्या चकतीचा गंज तारेच्या ब्रशनं काढून तेल लावलं. फायरबॉक्सला बारीक तडा निघाला, विकणाऱ्यानं सांगितलं नव्हतं, पण तो भाग आतच बसतो त्यामुळं काम चालतं. बाहेरच्या भांड्याला किंवा झाकणाला तडा असला तर मात्र फुकट दिली तरी घेऊ नका.

आता मटणाचे तुकडे असले भारी भाजतात, बाहेरनं खरपूस आतनं रसाळ, आणि कोळसा पण कमी लागतो. बायको खायलीय. आणायला छोटा हत्ती सांगा, मोठी साइज ७० किलोच्या घरात जाते, आतले भाग आधी काढून घ्या आणि बिजागरीला धरून उचलू नका.