राधानगरीच्या डोंगरातला घरगुती मुक्काम : तिन्ही ऋतूंतला अनुभव

कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरीहून दाजीपूरकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडे आत, एका वाडीत, शेतकरी कुटुंबाने राहत्या घराच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी ठेवल्या आहेत. गेल्या पावसाळ्यापासून या उन्हाळ्यापर्यंत आम्ही सहकुटुंब तेथे वरचेवर राहिलो. बरोबर कधी आई, कधी बहिणीची मुले, आणि घरची दोन मुले तर कायमच. एका सुट्टीत जाऊन आल्यावर लिहिलेला अभिप्राय त्या एका ऋतूपुरताच खरा असतो, म्हणून सगळे ऋतू पाहून झाल्यावर हे लिहीत आहे. घराचे नाव देत नाही, कारण या पट्ट्यात अशी सोय करणारी घरे आता बरीच आहेत आणि खालील बहुतेक गोष्टी त्यांपैकी कोणत्याही चांगल्या घराला लागू पडतील.

मत आधीच सांगतो. जेवणासाठी आणि घरच्या माणसांसाठी हा मुक्काम उत्तम आहे. केवळ तिथल्या अभयारण्यातला गवा पाहण्यासाठी जाणाऱ्याने मात्र दोनदा विचार करावा.

जेवणाविषयी सविस्तर लिहिले पाहिजे, कारण कोल्हापूरच्या माणसाला जेवणात काही नवे मिळेल यावर सहसा त्याचाच विश्वास बसत नाही. तांबडा-पांढरा आपण शहरात रोजच खातो. पण येथे पांढरा रस्सा नेहमीच्या जेवणात नसतोच, तो मटण शिजेल त्या दिवशीच होतो, आणि तांबड्यावर शहरातल्या हॉटेलांसारखा बोटभर तेलाचा तवंग नसतो. रोजचे जेवण म्हणजे नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, कुळथाचे पिठले, खर्डा, एखादी पालेभाजी आणि भात. घरच्या यजमानीण, म्हणजे आमच्या मामी, यांचे माहेर आजऱ्याकडचे असल्यामुळे भात घनसाळ तांदळाचा असतो. आजरा घनसाळला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे हे वर्तमानपत्रात वाचले होते, पण त्याचे झाकण काढल्यावर ओसरीपर्यंत येणारा वास येथेच कळला. नाचणीचे पीठ मामी उकळत्या पाण्यात भिजवतात आणि गरम असतानाच तळहाताच्या मुळाने दाबून मळतात. मग भाकरी परातीत थापून तव्यावर टाकतात, वरून पाण्याचा हात फिरवतात आणि शेवटी चुलीच्या तोंडाशी आरावर उभी करतात. तेथे ती फुगली नाही, तर ती भाकरी पाहुण्याच्या ताटात न वाढता त्या स्वतःसाठी बाजूला ठेवतात. माझ्या मुलीने हे टिपले आणि आता ती मुद्दाम न फुगलेली भाकरी मागून घेते.

ऋतूप्रमाणे ताट बदलते, आणि शहरातून जाणाऱ्याला हेच सर्वांत अधिक जाणवते. पाऊस सुरू झाला की कोवळा टाकळा, मग कुर्डू आणि भारंगी या रानभाज्या. भारंगी कडू असते, म्हणून ती उकडून, पाणी पिळून टाकून, भरपूर कांदा-लसूण घालून करतात. याच दिवसांत भातखाचरांच्या बांधावर खेकडे मिळतात. त्यांच्या बारीक नांग्या पाट्यावर वाटून त्याचे पाणी गाळून घेतात आणि त्याच पाण्यात रस्सा करतात. हा रस्सा मी आजवर कोल्हापुरातल्या कोणत्याही खानावळीत खाल्लेला नाही. हिवाळ्यात भोगावतीकाठची गुऱ्हाळे पेटलेली असतात, त्यामुळे भाकरीबरोबर काकवी येते. उन्हाळ्यात ताक घातलेली नाचणीची आंबील आणि मुलांनी स्वतः तोडून आणलेली करवंदे. तिखटाविषयी एक सूचना करतो. मामी पहिल्याच वेळी विचारतात, "पोरास्नी तिखट जमतंय न्हवं?" त्या वेळी कोल्हापूरकरपणाचा आव न आणता खरे उत्तर द्यावे, कारण त्यांचा खर्डा शहरातल्या खर्ड्याच्या दोन पायऱ्या पुढचा असतो.

आता जंगल. 1958 साली दाजीपूरचे जंगल अभयारण्य म्हणून घोषित झाले, 1985 साली त्याचा विस्तार होऊन राधानगरी अभयारण्य झाले, आणि 2012 साली युनेस्कोने पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात त्याचा समावेश केला. सुमारे 351 चौरस किलोमीटरच्या या दाट रानात गवा आपल्या सोयीनुसार फिरणार हे उघड आहे. तरीही शहरातल्या एका मध्यस्थाने आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाला "गवादर्शन हमखास" असे सांगून जास्तीचे पैसे घेतले. ते लोक रिकाम्या हाताने परतले आणि राग मात्र यजमानांवर काढला. आमचे यजमान मामा यावर एवढेच म्हणतात, "गवा काय आपल्या बोलण्यानं येतोय व्हय?"

आम्हाला गवे दिसले, पण प्रत्येक वेळी नाही. सर्वांत चांगले दर्शन भर उन्हाळ्यात झाले. सकाळी लवकर, पाणवठ्याच्या अलीकडे, एक थोराड नर करवीच्या जाळीतून बाहेर आला आणि आमच्याकडे तोंड न करता आडवाच उभा राहिला. मार्गदर्शकाने हाताने थांबण्याची खूण केली. तो हळू आवाजात म्हणाला की नर असा आडवा उभा राहतो तेव्हा तो आपला आकार दाखवत असतो, तो समज देण्याचा प्रकार आहे आणि अशा वेळी पुढे जायचे नसते. गुडघ्याखाली चारही पाय पांढरे, पायमोजे घातल्यासारखे, आणि मानेपासून पाठीच्या मध्यापर्यंत उंच कणा. लांबून म्हैस वाटणारा प्राणी एवढ्या अंतरावरून मुळीच म्हैस वाटत नाही. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन हजार किलोच्या घरात जाऊ शकते, हे तेव्हा पटते.

गव्याच्या नादात शेकरूकडे, म्हणजे झाडावरच्या मोठ्या खारीकडे, दुर्लक्ष होते, ते होऊ देऊ नये. महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी सकाळच्या उन्हात हमखास आवाज देतो, आणि एकाच शेकरूची अनेक घरटी असतात हे कळल्यापासून मुले झाडांच्या शेंड्यांकडे पाहत चालतात. मेअखेरीस, पावसापूर्वीच्या दमट रात्री, वाडीच्या मागच्या झाडांवर काजवे लागतात. त्यासाठी गाडी, परवाना, मार्गदर्शक काहीच लागत नाही; फक्त अंगणातला दिवा बंद करावा लागतो, आणि तो बंद करायला इतर पाहुण्यांना तयार करणे हे खरे काम असते.

गव्याची दुसरी बाजूही याच घरात ऐकायला मिळते. आपल्यासाठी जो पाहण्याचा प्राणी आहे, तो मामांच्या उसात आणि भातात उतरतो. गेल्या काही वर्षांत तर गवे कोल्हापूर शहराच्या वेशीपर्यंत आले. पीक खाल्ले गेले की पंचनामा, अर्ज आणि मग भरपाईची वाट पाहणे असा क्रम असतो. मामा याविषयी चिडून बोलत नाहीत, पण रात्री राखणीला जाताना बॅटरी घेऊन उठतात ते आपण अंथरुणात पडून ऐकतो.

सणाला जायचे असल्यास बेंदराला जावे. आषाढातल्या या सणाला बैलांना धुऊन, शिंगे रंगवून, झूल घालून सजवतात, घरात मातीच्या बैलांची पूजा होते, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतात आणि संध्याकाळी वेशीत कर, म्हणजे आडवे बांधलेले तोरण, तोडण्यासाठी बैल पळवतात. वाडीत आता बैलजोड्या थोड्याच उरल्या आहेत, बहुतेकांची नांगरट ट्रॅक्टरने होते. पण ज्याच्याकडे बैल नाही तोही मातीचा बैल आणतोच. हा पाहुण्यांसाठी केलेला कार्यक्रम नाही, त्यामुळे मधे मधे फोटोसाठी थांबवाथांबवी करू नये. त्या दिवशी मामींना पाहुण्यांकडे पाहायला वेळ नसतो, हेही गृहीत धरावे. बायकोने आणि आईने पोळ्या लाटायला बसण्याची तयारी दाखवल्यावर मात्र त्या दोघी दिवसभर चुलीपुढून उठल्याच नाहीत.

उणिवा आहेत. न्हाणीघर घराबाहेर आहे आणि भर पावसात रात्री तेथवर जाणे आईला जड गेले. गरम पाणी बंबात तापते, त्यामुळे सकाळी क्रम लावावा लागतो. मोबाइलला रेंज कधी मिळते, कधी नाही, आणि जोराच्या पावसात वीज जाते ती दुसऱ्या दिवशीच येते. पावसाळ्यात जळवांसाठी पूर्ण पायमोजे आणि पुडीत मीठ जवळ हवे. या दिवसांत अभयारण्यातला गाडीरस्ता पर्यटकांसाठी बंद असतो, पण राधानगरीचे धरण पाहता येते. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेल्या या लक्ष्मी तलावाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की पंचगंगा वाढणार, ही बातमी आपण शहरात दरवर्षी धास्तीने वाचतो. मुलांना ते दरवाजे प्रत्यक्ष पाहून पुराचे गणित थोडेफार समजले.

ज्यांना वेळीअवेळी चहा, खोलीत जेवण आणि टीव्ही लागतो त्यांनी येथे जाऊ नये, त्यांना आणि यजमानांना दोघांनाही त्रास होईल. हे घर रात्री नऊला झोपते आणि पहाटे म्हशींच्या धारांबरोबर उठते. कोल्हापूरहून राधानगरी पन्नासेक किलोमीटर असले तरी पुढचा रस्ता वळणांचा आहे, म्हणून उजेडात पोहोचावे. मटण किंवा खेकडे हवे असतील तर आदल्या दिवशी फोन करून सांगावे, त्याचे पैसे वेगळे आहेत का हेही तेव्हाच विचारून घ्यावे, आणि काजव्यांसाठी जायचे असेल तर पहिला मोठा पाऊस पडण्याआधीची तारीख धरावी.