लिचेसची विश्लेषण पाटी आणि सेंट जॉर्ज बचाव: एक परीक्षण

बुद्धिबळात पांढऱ्याने राजापुढचे प्यादे ई४ वर (अक्षर उभ्या स्तंभाचे, आकडा आडव्या ओळीचा) नेल्यावर काळ्याने पटाच्या कडेचे प्यादे ए६ ला एक घर सरकवायचे, पुढच्या चालीला बी५ खेळायचे आणि मग बी७ वर उंट आणून ई४ वर रोखायचा, या मांडणीला सेंट जॉर्ज बचाव म्हणतात. काळ्याने हा बचाव खेळावा की नाही, हे पूर्वी एखाद्या अनुभवी खेळाडूच्या मतावर सोडावे लागत असे. आता त्याची तपासणी कोणालाही घरबसल्या करता येते. लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळाच्या विश्लेषण पाटीचे आणि ओपनिंग एक्सप्लोररचे, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींच्या (ओपनिंगच्या) संग्रहाचे, हे परीक्षण याच एका बचावाच्या आधारे केले आहे, कारण साधन किती खोल जाते आणि कोठे अपुरे पडते, हे नेहमीच्या ओपनिंगपेक्षा आडवळणाच्या ओपनिंगमध्ये लवकर कळते.

थिबो ड्युप्लेसी या फ्रेंच प्रोग्रामरने २०१० मध्ये सुरू केलेले लिचेस आज फ्रान्समधील एक ना-नफा संस्था देणग्यांवर चालवते. त्यावर जाहिराती नाहीत आणि पैसे भरणाऱ्यांसाठी राखून ठेवलेली एकही सुविधा नाही. विश्लेषण पाटीवर चाली मांडून इंजिन, म्हणजे चालींची गणना करणारा संगणकी प्रोग्राम, सुरू केले की स्टॉकफिश नावाचे हे इंजिन आपल्याच ब्राउझरमध्ये गणना करू लागते आणि सर्वोत्तम चालींच्या पाच ओळींपर्यंत एकाच वेळी दाखवू शकते. जुन्या फोनवर गणनेची खोली हळूहळू वाढते आणि फोन तापतो; मात्र ओपनिंगमधल्या परिचित स्थितींचे मूल्यमापन बरेचदा आधीच साठवलेले असल्याने ते लगेच मिळते.

ई४ ए६, डी४ बी५ इतक्या चालींनंतर इंजिन, जे वरचढपणा प्याद्याच्या किमतीत मोजते, पांढऱ्याला साधारण पाऊण प्याद्याच्या आसपास सरस ठरवते आणि खोली वाढेल तसा आकडा थोडा वरखाली होतो. काळ्याने ए६ ऐवजी ई५ हे नेहमीचे उत्तर दिले, तर हाच आकडा पाव प्याद्याच्या आसपास राहतो. याचा अर्थ सेंट जॉर्ज हा पराभूत डाव नव्हे. पण बरोबरीच्या दिशेने काळ्याला जो प्रवास एरवी सहज करता येतो, तो येथे लांबतो. दोन चाली पटाच्या कडेला खर्च झाल्या आणि केंद्र पांढऱ्याला मोकळे मिळाले, याची ती किंमत आहे.

पाचही ओळी उघड्या ठेवून पाहिले की ही किंमत कशी वसूल होते, तेही दिसते. घोडा एफ३, उंट डी३, किल्लेकोट (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवून राजाला सुरक्षित करणे), काळ्याच्या सी५ ला सी३ ने उत्तर आणि मग ई-स्तंभावर हत्ती किंवा ई२ वर वजीर, अशी पांढऱ्याची साधी मांडणी वारंवार समोर येते. या मांडणीत डी४ आणि ई४ ही दोन्ही प्यादी टिकून राहतात, आणि काळ्याची मुख्य अडचण हीच आहे. सिसिलियन बचावाच्या (ई४ ला सी५ हे उत्तर) पॉलसन प्रकारातही काळा ए६, बी५, ई६ आणि बी७ चा उंट अशीच रचना करतो, परंतु तेथे सी-प्याद्याच्या बदल्यात पांढऱ्याचे डी-प्यादे आधीच पटावरून गेलेले असते. सेंट जॉर्जमध्ये तो सौदा करायचा की नाही, हे पांढऱ्याच्या हाती राहते. शिवाय ए४ खेळून तो बी५ च्या प्याद्याला केव्हाही डिवचू शकतो, आणि ते बी४ वर गेले की सी४ हे उत्तम घर पांढऱ्याच्या घोड्यासाठी मोकळे होते.

हे सर्व असूनही या बचावाला जो मान आहे, तो एका डावामुळे. १९८० मध्ये स्वीडनमधील स्कारा येथे झालेल्या युरोपीय सांघिक स्पर्धेत इंग्लंडच्या टोनी माइल्सने विद्यमान जगज्जेत्या अनातोली कार्पोवला ए६ असे उत्तर दिले आणि डाव जिंकला. या डावाच्या चाली पाटीखालच्या चौकटीत चिकटवून इंजिनसह एकेक चाल पुढे जाणे, हा या सुविधेचा सर्वांत चांगला उपयोग आहे, असे माझे मत आहे. कार्पोवने नवव्या चालीला ई५ खेळून काळ्याच्या घोड्याला डी५ वर हुसकावले; ती चाल दिसायला जोरकस आहे. पुढे त्याने उंट एच७ वर शह देऊन बी१ वर मागे घेतला आणि वजीर डी३ वर आणून राजावर हल्ल्याची तयारी केली. माइल्सने सी-स्तंभावरचे हत्ती बदलले, वजिराने बी२ चे प्यादे उचलले आणि पंचविसाव्या चालीला त्याच वजिराने ई५ चे प्यादेही खाल्ले. वीस चाली होईपर्यंत कार्पोवची स्थिती हरण्याजोगी मुळीच नव्हती. डाव ओपनिंगने नव्हे, तर मधल्या खेळातील अचूकतेने जिंकला गेला, हे इंजिनच्या आकड्यांवरून स्पष्ट दिसते. या डावाचा दाखला देऊन बचावाला निर्दोष म्हणणाऱ्यांनी तो एकदा तरी असा तपासून पाहावा. तसे पाहता ए६ चा पूर्वज याहून जुना आहे: १८६८ मध्ये बेकर नावाच्या इंग्रज हौशी खेळाडूने याच बचावाने विल्हेल्म स्टाइनिट्झला हरवले होते, पण स्टाइनिट्झ त्या वेळी डोळ्यांवर पट्टी बांधल्यागत, पट न पाहता, एकाच वेळी अनेकांशी खेळत होता.

ओपनिंग एक्सप्लोररमध्ये मास्टर खेळाडूंचा संग्रह आणि लिचेसवर झालेल्या डावांचा संग्रह वेगवेगळे पाहता येतात. मास्टरांच्या संग्रहात ए६ चे डाव मोजकेच असल्याने त्यातील टक्केवारीवर फार भिस्त ठेवू नये. दुसरा संग्रह प्रचंड आहे, पण तो गाळण्या लावल्याशिवाय वाचणे धोक्याचे. बुलेटचे, म्हणजे अतिजलद, डाव काढून टाकावेत आणि आपल्या पातळीच्या आसपासचेच रेटिंग (खेळाडूची ताकद दाखवणारा आकडा) ठेवावे. एरवी घड्याळ संपल्याने जिंकलेले डावही बचावाच्या खात्यावर जमा होतात. गाळण्या लावल्यावरही एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. ए६ खेळणारा खेळाडू बहुधा त्याचा सराव करून आलेला असतो आणि समोरचा बहुधा नसतो, त्यामुळे मिळणारे यश काही अंशी चकित करण्याचे असते. एक्सप्लोरर चालींच्या क्रमापेक्षा पटावरील स्थितीनुसार डाव मोजतो, म्हणून ई६ ने सुरू होऊन याच मांडणीत पोचणारे डावही त्यात येतात, आणि तो भाग मला विशेष उपयुक्त वाटला.

पाऊण प्याद्याचा फायदा मिळवायला पांढऱ्याला एकच अचूक चाल सापडावी लागते की कोणतीही पाच चाली चालतात, हे मात्र आकडा सांगत नाही. त्यासाठी पाच ओळींमधील फरक स्वतः वाचावा लागतो. सेंट जॉर्जमध्ये तो फरक बहुतेक ठिकाणी किरकोळ असतो. म्हणजे पांढऱ्याला पाठांतर लागत नाही, सामान्य समजुतीने मोहरी बाहेर काढली तरी पुरते, आणि काळ्याच्या दृष्टीने ही वाईट बातमी आहे. जलद डावांसाठी किंवा पाठांतराच्या जोरावर खेळणाऱ्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध हा बचाव जवळ ठेवायला हरकत नाही. संथ, दीर्घ वेळेच्या स्पर्धेत मात्र मी त्याला मुख्य शस्त्र करण्याची शिफारस करणार नाही. लिचेसच्या पाटीवर सहाव्या चालीला सी३ खेळल्यानंतरची स्थिती मांडून संगणकाविरुद्ध सरावाचे बटण दाबावे आणि काळ्या बाजूने काही डाव खेळून पाहावेत. तेथे तग धरता आला, तरच पुढे जावे.