‘निक्स’: अमेरिकेतली बंदूक-खरेदीची चाळणी, भोकं मात्र मोठी

‘निक्स’ म्हणजे बंदूक घेणाऱ्याच्या गुन्ह्यांची नोंद तपासणारी एफबीआयची सेवा; ती 1998 पासून चालू आहे. दुकानात 4473 क्रमांकाचा फॉर्म भरायचा, दुकानदार नाव तपासतो, बहुतेकदा काही मिनिटांत उत्तर. वेगाला पैकीच्या पैकी गुण. पण बायकोला मारल्याबद्दल शिक्षा झालेल्याला बंदूक घ्यायला बंदी आहे, आणि तो इथे अडतो तो त्या शिक्षेच्या नोंदीमुळे. नोंद पोहोचलीच नाही तर नकार येणार कुठून? 2017 मध्ये टेक्सासमधल्या सदरलँड स्प्रिंग्जच्या चर्चमध्ये गोळीबार करणाऱ्या हल्लेखोराला बायको आणि सावत्र मुलाला मारहाण केल्याबद्दल लष्करी न्यायालयाने शिक्षा दिली होती. हवाई दलाने ती कळवली नाही, आणि त्याने दुकानातून रीतसर बंदुका घेतल्या.

दुसरी खोट म्हणजे तीन कामकाजाच्या दिवसांत निकाल आला नाही, तर दुकानदार विकायला मोकळा. खाजगी विक्रेत्याला तर केंद्रीय कायद्याने तपासणीची सक्तीच नाही. लग्न न झालेल्या प्रेयसीला मारणारा या बंदीतून सुटायचा; ही प्रियकरांची पळवाट 2022 मध्ये बुजवली, तीही अर्धीच: पुन्हा गुन्हा नसेल तर पाच वर्षांनी बंदी उठते.

घरात आधीच असलेली बंदूक ‘निक्स’ काढून घेत नाही. त्यासाठी न्यायालयाचा संरक्षण आदेश लागतो. त्या आदेशासाठीच्या अर्जात शस्त्रं किती, कोणती, कुठे ठेवलीत ते नेमकं लिहावं.