होस्टेलचं आरोग्य केंद्र आणि आजारी खोली: साडेतीन तारे, त्यातले दोन डब्याचे

पुण्यातल्या माझ्या कॉलेजचं नाव लिहीत नाही, अजून दीड वर्ष इथेच काढायचंय. मुलींच्या होस्टेलच्या तळमजल्यावर आमचं आरोग्य केंद्र आहे. एरवी तिथे पाय मुरगळलेल्या आणि पोट दुखणाऱ्या मुली जातात. गणपतीला घरी गेलेल्या सगळ्या परतल्या आणि चार दिवसांत आमच्या मजल्यावर रात्रभर खोकल्याची भजनं सुरू झाली, तेव्हा त्या केंद्राची खरी परीक्षा झाली.

मी गेले तेव्हा ताप १०२, अंग ठेचून काढल्यासारखं. केंद्राच्या डॉक्टर मॅडमनी बोटाला ऑक्सिजनची चिमटी लावली, घसा बघितला, दम लागतो का, छातीत दुखतं का विचारलं आणि केसपेपरवर ‘वर्ग अ’ लिहिलं. क्षणभर बरं वाटलं, कशात तरी अ मिळाला. मग कळलं, हा सरकारी वर्ग आहे: साधा फ्लू, तपासणी नको, खास औषधही नको. पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, खोलीबाहेर पडायचं नाही आणि उद्या-परवा परत दाखवायचं. आमच्या परभणीचे डॉक्टर पहिल्याच दिवशी पुडी आणि इंजेक्शन देतात, त्यामुळे मला हे फारच स्वस्तात उरकल्यासारखं वाटलं. “अँटिबायोटिक तरी द्या ना,” मी म्हटलं. “विषाणूला त्याचं काही होत नाही. तुझ्या पोटाला मात्र होईल,” त्या म्हणाल्या.

राग आला तो पुढे. माझ्या रूममेटला माझ्यापेक्षा कमी ताप, पण तिला ऑसेल्टामिविर, म्हणजे फ्लूच्या विषाणूवरचं ते खास औषध: ७५ मिलिग्रॅमची एक गोळी सकाळी, एक रात्री, पाच दिवस. कारण तिला दमा आहे. दमा, मधुमेह, गरोदरपण असलं काही असेल तर रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू करतात, कारण पहिल्या ४८ तासांत घेतलं तर त्याचा जास्त उपयोग. दम लागणं, छातीत दुखणं, नखं निळसर होणं हा ‘वर्ग क’, तेव्हा थेट हॉस्पिटल. हे सगळं मॅडमनी दारात उभ्या असलेल्या आम्हा सात-आठ जणींना एकदम समजावलं. तेवढ्यासाठी पूर्ण तारा.

मागच्या वर्षी काय झालं होतं ते सांगायला हवं. ताप आलाय हे कुणी सांगतच नव्हतं. ७५ टक्के हजेरी, त्यात सबमिशन. गोळी खाऊन घाम पुसत सगळ्या एसी लॅबमध्ये, एकाच कीबोर्डवर तीन बॅचेस. गोळीने ताप उतरतो, विषाणू थोडाच उतरतो? पहिल्या लक्षणाच्या आदल्या दिवसापासून पुढे पाच-सात दिवस तो आपण वाटत फिरतो. लॅब असिस्टंट सरसुद्धा आडवे झाले होते. यंदा एकच फरक केला: केंद्राची चिठ्ठी असेल तर त्या दिवसांची हजेरी लागते, सबमिशनला आठवडा वाढवून मिळतो. दुसऱ्या दिवशी केंद्राबाहेर रांग! सुटकेचा नियमही साधा. तापाची गोळी न घेता २४ तास ताप आला नाही की मोकळी.

आता डबा. आजारी खोली म्हणजे मागच्या बाजूची जुनी स्टडी रूम, चार खाटा लांब लांब टाकलेल्या, खिडक्या सताड उघड्या. बाहेर लाकडी स्टूल. साडेबाराला मेसचे मामा स्टीलचा डबा स्टुलावर ठेवायचे, दारावर दोनदा टकटक करायचे आणि जिन्यापाशी जाऊन ओरडायचे, “खिचडी गरम आहे गं, लगेच खा!” झाकणावर चिकटपट्टी, पट्टीवर पेनाने नाव. मुगाची खिचडी, वर चमचाभर तूप, बाजूला लिंबाची फोड. रोजच्या मेसमध्ये ते तूप मी कधी पाहिलेलं नाही. हा डबा नसता तर मी पहिल्याच रात्री तोंडाला ओढणी बांधून मेसच्या रांगेत उभी राहिले असते, आणि पुढचं सांगायला नको.

आईला फोनवर सांगितलं तर तिला २००९ आठवलं. स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू पुण्यातच झाला होता, ऑगस्टमध्ये. शाळा-कॉलेजं बंद, नायडू हॉस्पिटलबाहेर तपासणीसाठी रांगा. माझा सख्खा मामा तेव्हा इथे शिकत होता. तो रुमालाला निलगिरी लावून एसटीने घरी आला आणि शेजारच्यांनी आठवडाभर आमचं दार टाळलं. “कापूर-वेलचीची पुरचुंडी ठेव गं जवळ,” आईने सांगितलंच. ठेवली. वास छान येतो.

तक्रारी बऱ्याच आहेत. मजल्याला थर्मामीटर एकच, त्याचाही सेल गेलेला. आजारी खोलीचं बाथरूम बाकीच्यांनाही तेच. मेसच्या बेसिनवर साबण तीन दिवस नव्हता, आणि वर हात धुण्याच्या सात पायऱ्यांचं रंगीत पोस्टर! सगळ्यात मोठी चूक लसीच्या शिबिराची. बाहेर दीड-दोन हजाराला पडणारी लस कॉलेजने अर्ध्या पैशात दिली, हे उत्तमच. पण दिली कधी, तर अर्धा मजला खोकत असताना. लस अंगी लागायला दोन आठवडे जातात. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात वाढतो, मग शिबिर जूनमध्ये प्रवेशाच्या रांगेतच लावा की. मी तसा अर्ज दिलाय, रेक्टर मॅडमनी सही करून घेतलाय.

आणि हो, महिन्याच्या मेसबिलात ‘पार्सल’ म्हणून चाळीस रुपये जास्त लागलेत. आठ डबे, पाच रुपये डबा. अर्धा तारा तिथे कापलाय.