मोटरसकट काचेची मशीन आणि ऑटो-क्लोज बॉक्स: दोन्ही घरी बसवून दिलेला अभिप्राय

संच दोन घेतले होते. एक म्हणजे गाडीच्या दाराची काच वर-खाली करणारी, केबलवर चालणारी काचेची मशीन, म्हणजे रेग्युलेटर, मोटरसकट. दुसरा ऑटो-क्लोज बॉक्स: गाडी लॉक केली की सगळ्या काचा आपोआप वर चढवणारा आणि एका टिचकीत काच पूर्ण खाली नेणारा. मशीन उत्तम निघाली, डोळे मिटून घ्यावी अशी. बॉक्सबद्दल मात्र मला बरंच बोलायचं आहे, कारण आमच्या गाडीत मागच्या सीटवर लहान मुलं बसतात.

आधी मशीन. माझ्या गाडीची पुढची डावी काच उतरताना कडकड वाजायची आणि एका बाजूला झुकायची. कधी नुसता मोटरचा आवाज यायचा, काच जागची हलायची नाही. ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. मोटर फिरते पण काच हलत नाही, तर केबल तुटली आहे, काच धरणारा प्लास्टिकचा स्लायडर फुटला आहे किंवा मोटरच्या गिअरचे दात झिजले आहेत. बटण दाबल्यावर काहीच आवाज नाही, तर फ्यूज, बटण, वायर आणि मोटर या क्रमाने बघायचं. आणि काच जाते पण रडतखडत जाते, तर बहुतेक वेळा मशीनचा दोषच नसतो. ज्या रबराच्या खाचेतून काच सरकते ती धूळ आणि उन्हाने कोरडी होऊन काचेला धरून ठेवते. काचेची ती खाच साबणाच्या पाण्याने पुसून, वाळवून, तिच्यात सिलिकॉन स्प्रे मारा. उजव्या दाराचं मी एवढंच केलं आणि ती काच नव्यासारखी चालायला लागली. रबरावर ग्रीस किंवा तेल कधीही लावू नका, रबर फुगतं आणि धूळ आणखी चिकटते. ग्रीस फक्त आतल्या, स्लायडर ज्यांवर सरकतो त्या धातूच्या पट्ट्यांसाठी.

वायरची तपासणी मल्टिमीटरने पाच मिनिटांत होते, पण ती करण्याची एक पद्धत आहे. या मोटरला साधारणपणे दोनच वायर असतात. बटणाच्या एका दिशेला एका वायरवर १२ व्होल्ट येतात आणि दुसरी अर्थिंगला जाते, उलट दिशेला दोघींची अदलाबदल होते, म्हणून मोटर उलटी फिरते. बटण सोडलेलं असताना दोन्ही वायर अर्थिंगला जोडलेल्या राहतात. मापन मात्र मोटर जोडलेली ठेवून, बटण दाबून, कपलरच्या, म्हणजे वायर जोडणाऱ्या प्लास्टिकच्या सॉकेटच्या, मागून करायचं. कपलर काढून मोजलं तर एकाच धाग्यावर लटकलेली वायरसुद्धा पूर्ण १२ व्होल्ट दाखवते, आणि मोटरचा भार आला की त्याच वायरवर व्होल्टेज कोसळतं. अशी तुटकी वायर बहुधा दार आणि गाडीच्या चौकटीचा खांब यांच्यामधल्या रबरी नळीत सापडते. दार उघडबंद होताना ती तिथेच वाकत असते. माझ्या दारात व्होल्टेज ठीक होतं, गिअरचे दात गेले होते आणि स्लायडरही फुटला होता, म्हणून पूर्ण संच घेतला. तुमची मोटर शाबूत असेल तर नुसती मशीन घ्या आणि जुनी मोटर तिच्यावर बसवा.

खोका उघडल्याबरोबर मी स्लायडर पाहिला, कारण या मशीनचं आयुष्य त्याच्यावर ठरतं. जुना स्लायडर काच धरतो त्या खाचेपाशीच पातळ होता आणि तिथेच फुटला होता. नव्याला त्या जागी आडव्या बरगड्या दिल्या आहेत आणि काचेच्या बोल्टसाठी पितळी बुश, म्हणजे आत बसवलेली छोटी नळी, आहे. केबलच्या बाहेरच्या नळीच्या टोकांना स्प्रिंग आहेत. केबल वापराने जरा लांबली तरी ताण कायम ठेवण्याचं काम त्या करतात. स्वस्त मशीनमध्ये या स्प्रिंग मऊ असतात, मग केबल ती गुंडाळणाऱ्या ड्रमवरून उतरून गुंता होतो. इथल्या कडक आहेत, बोटाने सहज दबत नाहीत. पट्ट्यांवर जस्ताचा मुलामा सगळीकडे सारखा आहे. कपलर मूळ वायरिंगला थेट बसला, वायर कापावी लागली नाही.

उणिवा दोन. वरची पुली पूर्ण प्लास्टिकची आहे, तिला धातूचं बुश हवं होतं. आणि सोबत बोल्ट येत नाहीत. मूळ मशीन रिबिटने जोडलेली असेल तर रिबिट ड्रिलने फोडावे लागतात आणि जागी सहा मिलिमीटरचे बोल्ट, वॉशर आणि लॉकनट लागतात. माहितीपत्रकात याचा उल्लेखही नाही, म्हणून दार उघडण्याआधी ते हाताशी ठेवा.

दाराचं आतलं पॅड काढणं अवघड नाही, फक्त घाई नको. स्क्रू लपलेले असतात: हँडलच्या वाटीत, आरशामागच्या त्रिकोणी झाकणाखाली, कधी हात टेकायच्या पट्टीत. ते काढले की खालच्या कडेने प्लास्टिकच्या पट्टीने क्लिपा सोडवायच्या आणि पॅड वर उचलायचं. त्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा. आतली प्लास्टिकची शीट चिकट पट्टीवर बसवलेली असते. हेअर ड्रायरने ती पट्टी हळूहळू गरम करा म्हणजे शीट फाटत नाही. काम संपल्यावर ती जशीच्या तशी, कुठेही फट न ठेवता चिकटवायची. नाहीतर पावसाचं पाणी पॅडमध्ये आणि तिथून पायाशी येतं. शिवाय काही गाड्यांमध्ये बाजूच्या एअरबॅगसाठी दारातल्या हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो, आणि दारातली फट त्याच्या कामात अडथळा आणते.

काच वर धरून ठेवायला रुंद चिकटपट्टी दाराच्या चौकटीवरून दोन्ही बाजूंना ओढून लावली, तरीही भाच्याला काच धरायला उभं केलं होतं. "मावशी, पट्टी धरतेय की, मी जाऊ?" असं तो विचारत होता, पण मी सोडलं नाही. दाराच्या काचा बहुधा टफन केलेल्या असतात. सपाट भागावर त्या मार सोसतात, कडेला टवका उडाला तर क्षणात चुरा होतो. हातमोजे घाला आणि काचेची कड धातूला टेकू देऊ नका.

बसवताना सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही: मशीनच्या धातूच्या पट्ट्यांचे बोल्ट आधी सैलच ठेवायचे. काच पूर्ण वर चढवून रबराच्या खाचेत नीट बसू द्यायची आणि मगच बोल्ट घट्ट आवळायचे. खाली असताना आवळले तर काच वर जाताना खाचेला घासते आणि नवी मशीनसुद्धा कुरकुरते. माझी काच आता आवाज न करता, एका वेगात, सरळ चढते. या मशीनला पाचपैकी साडेचार देते, अर्धा गुण पुलीचा कापला.

आता बॉक्स. जोडायला सोपा आहे: मोटरचा कपलर आणि वायरिंग यांच्यामध्ये बसतो आणि सेंट्रल लॉकच्या वायरवरून इशारा घेतो. खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं आहे की मध्ये हात आला तर काच थांबते. मी कागदी रोलची पोकळ नळी काचेच्या वाटेत आडवी धरून पाहिलं. नळी पार चपटी झाल्यावर काच थांबली. मागे फिरली नाही, तिथेच दाबून उभी राहिली. हे पाहून मला खरोखर धक्का बसला. संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक २१ आणि अमेरिकेतला नियम ११८, दोघांचं म्हणणं एकच आहे: आपोआप वर जाणाऱ्या काचेने ४ ते २०० मिलिमीटरच्या फटीत काही अडकलं तर १०० न्यूटनपेक्षा जास्त जोर लावण्याआधीच मागे फिरलं पाहिजे. १०० न्यूटन म्हणजे साधारण दहा किलोचं वजन. कंपनीकडून येणाऱ्या ऑटो-अप, म्हणजे आपोआप वर जाणाऱ्या, काचेत हॉल सेन्सर मोटरच्या फेऱ्या मोजतो, फेरी मंदावली की लगेच दिशा उलटते. या बॉक्समध्ये तसा सेन्सर नाही. तो फक्त मोटरचा करंट वाढलेला ओळखतो, आणि करंट पुरेसा वाढेपर्यंत काच आवळत राहते. लहान मुलाचं बोट किंवा मान तेवढा दाब सोसू शकत नाही.

म्हणून वर चढवणारी वायर मी जोडलीच नाही. एका टिचकीत काच खाली नेण्याची सोय तेवढी ठेवली आहे, ती छान चालते. गाडी बंद असताना बॉक्स १४ मिलिअँपिअर घेतो, मल्टिमीटर मध्ये लावून मोजलं. रोजच्या गाडीला ते चालेल. गाडी महिनोन्‌महिने उभी राहत असेल तर हा बॉक्स बसवूच नका. लहान मुलं किंवा पाळीव प्राणी गाडीत बसत असतील तरी तेच सांगते. हॉल सेन्सर असलेली, मागे फिरणारी मोटर तुमच्या मॉडेलसाठी मिळत असेल तर पैसे तिच्यावर घाला. ती बसवल्यावर आणि पुढे कधीही बॅटरी काढून लावल्यावर काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद तसंच धरून ठेवायचं असतं. त्याशिवाय बहुतेक गाड्यांत मोटरला काचेचं वरचं टोक कळत नाही आणि ऑटो चालू होत नाही. नेमकी पद्धत गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते.