पोटॅशियम राखणारी लघवीची गोळी: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

हृदयाचे स्नायू कमकुवत झाल्यामुळे माझ्या शरीरात पाणी साचू लागले, तेव्हा सुरुवातीला मला फ्युरोसेमाइड देण्यात आले होते. त्या गोळीने लघवी भरपूर होई आणि सूजही उतरे, परंतु पाण्याबरोबर पोटॅशियमही वाहून जाई. रात्री पिंढरीत असे गोळे येत, की झोपेतून उठून पाय धरून बसावे लागे. रक्तातील पोटॅशियम ३.१ निघाले (ते साधारण ३.५ ते ५ असावे लागते), तेव्हा डॉक्टरांनी फ्युरोसेमाइडची मात्रा कमी करून जोडीला स्पायरोनोलॅक्टोन ही पोटॅशियम राखणारी २५ मिलिग्रॅमची गोळी सुरू केली. त्याला आता आठ महिने झाले.

पहिले काही दिवस ही गोळी काही करते आहे असे वाटलेच नाही. फ्युरोसेमाइड घेतल्यावर तासाभरात घाईने लघवीला जावे लागते. हिचा परिणाम दिसायला दोन-तीन दिवस लागतात आणि तोही हळूहळू वाढतो. याचे कारण ती ज्या पद्धतीने काम करते त्यात आहे. मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला बहुतेक परत रक्तात घेतात. सोडियमचा शेवटचा छोटासा हिस्सा मूत्रनलिकेच्या अगदी टोकाला शोषला जातो आणि तिथे अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाची सत्ता चालते: सोडियम आत घ्या, पोटॅशियम बाहेर सोडा. सोडियमच्या मागोमाग पाणीही आत येते. हृदय दुबळे झाले, की मूत्रपिंडांकडे रक्त कमी पोहोचते, शरीराला पाण्याचा तुटवडा झाल्याचा भास होतो आणि अल्डोस्टेरॉन अधिकच वाढते. म्हणजे आधीच पाण्याने फुगलेले शरीर आणखी पाणी धरून ठेवते. स्पायरोनोलॅक्टोन अल्डोस्टेरॉनची जागा अडवून हे चक्र थांबवते, त्यामुळे जादा सोडियम आणि पाणी बाहेर जाते व पोटॅशियम मात्र शरीरातच राहते. याच गटातील अमिलोराइड आणि ट्रायमटेरीन संप्रेरकाला न अडवता सोडियम आत येण्याची वाटच बंद करतात.

१९९९ साली प्रसिद्ध झालेल्या राल्स या अभ्यासात, हृदय अतिशय कमकुवत झालेल्या रुग्णांना नेहमीच्या औषधांबरोबर स्पायरोनोलॅक्टोन दिल्यावर मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी घटले होते. हे डॉक्टरांनी सांगितल्यावर, सूज उतरवण्यापलीकडेही ही गोळी माझ्यासाठी काही करते आहे, हे मला पटले.

फरक मला दिसला तो वजनाच्या वहीत. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी मी वजन करतो, कारण एक किलो वजन अचानक वाढणे म्हणजे जवळपास एक लिटर पाणी साचणे. तीन आठवड्यांत माझे वजन अडीच किलोंनी उतरले. पूर्वी नडगीवर अंगठा दाबला, की पडलेला खळगा बराच वेळ तसाच राही आणि मोजे काढल्यावर त्यांच्या पट्टीचा खोल वळ संध्याकाळभर दिसे. आता वळ उठतो, पण थोड्या वेळात मिटतो. रात्री धाप लागू नये म्हणून दोन उशा लागत, आता एक पुरते. पायांतले गोळे तर पूर्णपणे थांबले आणि दुसऱ्या महिन्यात पोटॅशियम ४.४ होते.

चौथ्या महिन्यात मात्र माझ्या हातून चूक झाली. मीठ कमी करायचे म्हणून घरात कमी सोडियमचे मीठ आणले. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असते, हे पाकिटावर लिहिलेले होते; मी वाचले नव्हते. ठरलेल्या तपासणीत पोटॅशियम ५.७ निघाले. मला कसलाही त्रास जाणवत नव्हता आणि हेच मला सर्वांत गंभीर वाटते, कारण वाढलेले पोटॅशियम फारशी चाहूल न देता हृदयाची लय बिघडवू शकते. डॉक्टरांनी गोळी काही दिवस थांबवली, ते मीठ बंद केले, पुन्हा रक्त तपासले आणि मग गोळी आधी एक दिवसाआड व नंतर रोज अशी सुरू केली. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके मनाने घ्यायची नाहीत, आणि उलट्या-जुलाब झाले तर गोळी घ्यावी की थांबवावी हे लगेच विचारायचे, असेही त्यांनी बजावले. रक्तदाबाच्या काही गोळ्याही पोटॅशियम वाढवतात; त्यांपैकी एक मी घेतो, म्हणून माझी तपासणी अधिक काटेकोरपणे होते. ही गोळी घेणाऱ्याने पोटॅशियम आणि क्रिएटिनिनची (मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे ते दाखवणाऱ्या रक्तातील घटकाची) तपासणी गोळीइतकीच आवश्यक मानावी, असे माझे ठाम मत आहे.

सहाव्या महिन्यापासून उजव्या स्तनाग्रामागे थोडे दुखते. हे औषध इतर संप्रेरकांच्या कामातही ढवळाढवळ करते, त्यामुळे काही पुरुषांना असा त्रास होतो. मला सांगायला संकोच वाटला आणि त्यात महिना गेला. तो घालवायला नको होता. इप्लेरेनोन या त्याच गटातील औषधाने हा त्रास बराच कमी होतो असे समजले. गोळी बदलायची की नाही, हे येत्या तपासणीचा अहवाल पाहून आम्ही ठरवणार आहोत. तोपर्यंत आहे तीच गोळी सुरू आहे.